हत्तीभोवती एक फेरी

हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट ऐकली नाही असा मराठी माणूस विरळा. कुणाच्या घरी आंधळे सात, कुणाच्या घरी सहा. पण हत्ती तोच आणि तात्पर्यही तेच : सगळेच आपापल्या परीने खरे. मला हे तात्पर्य मानवत नाही. दोन नातवंडे भांडत आली की ‘तूही खरा, तोही खरा’ म्हणून त्यांना वाटेला लावणे आम्हां वडीलधाऱ्यांना फार सोयीचे. निवाड्याचे कष्ट वाचतात. पण ज्याचा आकाशकंदील फाटलेला असतो त्याला हा न्याय पटत नाही, आणि का पटावा?

मूळ गोष्ट पाहावी. पाली भाषेतल्या ‘उदान’ या ग्रंथात ती बुद्धाच्या तोंडी आहे. श्रावस्तीचा एक राजा नगरातले सारे जन्मांध गोळा करवतो आणि त्यांना हत्ती ‘दाखवतो’. डोके हाती लागले तो म्हणतो, हत्ती घागरीसारखा. कान लागला तो म्हणतो, सुपासारखा. सुळा चाचपणाऱ्याला तो नांगराच्या फाळासारखा वाटतो, पायाला हात लावणाऱ्याला खांबासारखा, आणि शेपटीचा गोंडा धरणाऱ्याला केरसुणीसारखा. सारे घरातले आणि शेतातले सामान! अनोळखी वस्तू माणूस आपल्या घरच्या मापाने मोजतो, हे त्या कथाकाराने किती अचूक हेरले आहे! मग मंडळी मुठी वळून एकमेकांवर धावून जातात आणि राजा खूष होतो.

हा राजा काही मला आवडत नाही. त्याला डोळे होते. ‘बाबांनो, एकेक पाऊल बाजूला सरका’ एवढे तो म्हणता, तर कानाजवळचा पायाजवळ आला असता. पण मग गंमत संपली असती.

तेराव्या शतकात रूमीने ही गोष्ट आपल्या ‘मसनवी’त घेतली, तेव्हा आंधळे वगळले. हत्ती अंधाऱ्या घरात उभा केला आणि चाचपणारी माणसे डोळस ठेवली. हे मला अधिक रास्त वाटते. दृष्टी नसलेला माणूस हाताने वस्तू सावकाश, चहूबाजूंनी पारखतो. एका स्पर्शावर निकाल देण्याची घाई आम्हां डोळसांनाच फार. रूमीचा उपायही साधा आहे : प्रत्येकाच्या हाती मेणबत्ती असती, तर वादच उरला नसता.

जैन पंडितांनी याच दृष्टान्ताने अनेकांतवाद समजावला. मराठी मुलांना तो शिकवायला दोन अक्षरे पुरतात, ‘च’ आणि ‘ही’. ‘हत्ती म्हणजे खांबच’ हे खोटे. ‘हत्तीला खांबासारखे पायही असतात’ हे खरे. (हिंदी शिकणाऱ्या मुलांना मात्र जपून सांगावे, तिकडचा ‘ही’ म्हणजे आपला ‘च’!) म्हणजे हाताला लागले ते खरे आणि त्यावरून ठोकलेला निकाल चूक, अशी ही फोड आहे. ‘सगळेच खरे’ म्हटले की ती फोड करायचीच राहून जाते.

हल्ली मी गोष्ट मारामारीपाशी थांबवतो आणि मुलांना विचारतो, आता पुढे काय करावे? एक म्हणाला, “जागा बदलायच्या.” दुसरी म्हणाली, “माहुताला विचारायचे.” सर्वांत धाकटी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आजोबा, इतकी माणसे ओढत होती, तरी हत्ती उभा कसा राहिला?”