बेपत्ता सैनिक आणि कथेचा निकाल

गुन्हेशोधाच्या कथेचा प्रेक्षकाशी एक करार असतो. आरंभी जे अज्ञात आहे ते अखेरीस ज्ञात होईल, हे त्या कराराचे मुख्य कलम. मुंबई दूरदर्शनवरील ‘एक शून्य शून्य’ असो की १९९८ साली सुरू झालेली ‘सीआयडी’ ही हिंदी मालिका असो, माणूस बेपत्ता होतो, शोध सुरू होतो आणि ठरलेल्या अवधीत तो माणूस तरी सापडतो किंवा त्याचे प्रेत तरी. तिसरी शक्यता या कथाप्रकाराच्या व्याकरणात बसत नाही. बेपत्ता झालेला माणूस सैनिक असेल, तर मात्र हे व्याकरण नैतिकदृष्ट्या अडचणीचे ठरते. सैनिक आपल्या खासगी कारणाने नाहीसा झालेला नसतो; राज्यसंस्थेने त्याला पाठवलेले असते आणि त्याचा हिशेब देण्याची जबाबदारीही तिचीच असते. हा हिशेब वास्तवात कोणी दिलेला नसताना कथेने तो परस्पर मिटवून टाकावा काय, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे.

त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९६६ साली गुप्तहेरकथेची मीमांसा करताना तिच्यात दोन कथा पाहिल्या: एक गुन्ह्याची, दुसरी शोधाची. पहिली प्रत्यक्षात घडलेली, पण संहितेत अनुपस्थित; दुसरी उपस्थित, पण पहिलीपर्यंत पोचण्यापुरतीच महत्त्वाची. ही मांडणी बेपत्ता सैनिकाला लावून पाहिली की तिची मर्यादा ध्यानात येते. येथे पहिली कथा कधीच हाती लागत नाही आणि दुसरी कथा, म्हणजे शोधाची, हेच कोणाचे तरी संपूर्ण आयुष्य होऊन बसते.

फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे उदाहरण या संदर्भात डोळ्यांसमोर ठेवण्याजोगे आहे. ५ डिसेंबर १९७१ रोजी पश्चिम पाकिस्तानातील शोरकोटच्या विमानतळावर हल्ला करताना त्यांचे विमान पडले. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनमधील राष्ट्रीय विजेत्या आणि अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. विवाहाला तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. त्याच दिवसांत पकडलेल्या भारतीय वैमानिकांची जी नावे पाकिस्तानी वृत्तपत्रात आली, त्यांत ‘तांबे’शी जुळणारे, वर्णलेखनात किंचित वेगळे असे एक नाव होते. पुढे १९७२ साली सिमला करार झाला. भारताच्या ताब्यातील सुमारे ९३ हजार युद्धकैदी व नागरिक टप्प्याटप्प्याने पाकिस्तानात परतले आणि भारतीय कैदीही मायदेशी आले. त्यांत तांबे नव्हते. १९७९ साली लोकसभेत चाळीस बेपत्ता भारतीयांची नावे सांगण्यात आली. नंतर ही संख्या चोपन्न म्हणून रूढ झाली. असे कैदी आपल्याकडे नाहीत, ही पाकिस्तानची भूमिका कायम राहिली. २००७ साली नातेवाइकांच्या एका गटाने तेथील तुरुंग पाहिले, पण कोणी सापडले नाही.

चुकीच्या वर्णलेखनाने छापलेले एक नाव हा गुन्हेशोधाच्या कथेत उत्तम दुवा ठरला असता. तपास अधिकाऱ्याने त्यावर बोट ठेवले असते आणि पुढच्या दृश्यात दार उघडले असते. वास्तवात तो दुवा कोठेच नेत नाही आणि खोटाही ठरत नाही. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना पॉलिन बॉस या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात अशा अवस्थेसाठी ‘संदिग्ध वियोग’ ही संकल्पना मांडली. माणूस देहाने नाही, पण मनाने आहे. त्यामुळे शोक सुरूच करता येत नाही, मग तो संपणार कसा? कायद्याने या संदिग्धतेला एक कालमर्यादा घातली आहे. १८७२च्या पुरावा अधिनियमाचे कलम १०८ आणि २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातील तशीच तरतूद, यांनुसार ज्याची वार्ता सात वर्षे मिळाली नाही तो जिवंत असल्याचे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो. अर्थात हे केवळ गृहीतक आहे. वारसा, निवृत्तिवेतन यांसारखे व्यवहार त्यामुळे पुढे सरकतात. माणूस मेला की नाही, याविषयी कायदा सत्य सांगितल्याचा दावा करीत नाही. कथेकडून मात्र हा विवेक सुटतो.

मराठी इतिहासाला हा पेच नवा नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ दिसेनासे झाले. एका शिरविरहित देहाची ओळख पटवून त्याला अग्नी दिल्याच्या वार्ता आल्या. तरी पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करले नाही. या अनिर्णीत अवस्थेतच तोतया उभा राहिला. माधवराव पेशव्यांच्या काळात चौकशी होऊन तो खोटा ठरला आणि कैदेत पडला. १७७६ साली रत्नागिरीच्या किल्ल्यातून सुटताच कोकणात त्याच्याभोवती माणसे जमली, किल्ले त्याच्या हाती गेले. पकडला जाऊन देहदंड होईपर्यंत त्याने पुणे दरबाराला हादरवून सोडले होते. न. चिं. केळकरांनी याच विषयावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. एकदा खोटा ठरलेला माणूस पुन्हा खरा कसा वाटू लागला, याचे उत्तर त्याच्या कौशल्यात किंवा तत्कालीन राजकारणात शोधले तर ते अपुरे राहते. समाजाला भाऊंच्या कथेचा शेवट हवा होता आणि तो शेवट घेऊन कोणीतरी आले होते.

बेपत्ता सैनिकाच्या मालिकेतला सुबक शेवट हाही असा तोतयाच असतो. २०१० सालच्या ‘हातुफिम’ या इस्रायली मालिकेत सतरा वर्षांनी दोन कैदी घरी परततात. तिच्यावरून अमेरिकेत ‘होमलँड’ (२०११) आणि हिंदीत ‘पी.ओ.डब्ल्यू. – बंदी युद्ध के’ (२०१६) या मालिका निघाल्या. या रूपांतरांच्या प्रवासात प्रश्न कसा बदलतो, हे पाहण्यासारखे आहे. ‘तो कोठे आहे?’ हा प्रश्न मागे पडून ‘परत आलेला हा खरोखर तोच आहे काय?’ हा संशय कथेला पुढे ओढू लागतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तरदायित्व राज्यसंस्थेवर होते. दुसऱ्यात ते परतलेल्या माणसावर लादले जाते आणि ज्याचा शोध घ्यायचा होता तोच आरोपी होतो.

यावर असा आक्षेप संभवतो, की कल्पित कथेवर वास्तवाचे ऋण लादू नये आणि अशा मालिकांमुळे विस्मृतीत गेलेल्यांची निदान आठवण तरी राहते. आक्षेप बिनबुडाचा नाही. अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गीसारख्या गावी ‘सीमा’ म्हणजे मराठी-कन्नड मुलखांची सीमा. ती रोजच्या व्यवहारात सहज ओलांडली जाते. जिच्यापलीकडून उत्तर येत नाही अशी सीमा तेथील प्रेक्षकाला बहुधा पडद्यावरच भेटते. पण म्हणूनच पडदा काय शिकवतो याला महत्त्व येते. तासाभरात समाधान पावलेला प्रेक्षक खऱ्या प्रकरणाकडेही मिटलेले प्रकरण म्हणून पाहू लागतो. त्यानंतर वाट पाहणारी स्त्री त्याला हट्टी वाटते. वस्तुतः पुराव्याविना निकाल नाकारणारी ती या साऱ्या व्यवहारातली सर्वांत काटेकोर चिकित्सक असते.

तात्पर्य, गुन्हेशोधाच्या कथेचे नैतिक बळ तिच्या उकलीत नाही. एकही माणूस हिशेबाबाहेर राहू नये, त्याच्यासाठी प्रत्येक दार ठोठावले जावे, या तिच्या आग्रहात ते आहे. हा आग्रह राखून शेवट मोकळा सोडणे तिला शक्य असते. त्यासाठी प्रेक्षकाशी केलेला करार मोडण्याचे धैर्य लेखकापाशी लागते. शोक केव्हा करावा, किंबहुना करावा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार ज्यांचा माणूस गेला त्यांचा आहे आणि तो कसा गेला हे सांगण्याचे कर्तव्य ज्यांनी त्याला पाठवले त्यांचे. कथेने या दोहोंपैकी कोणाचीही जागा बळकावू नये.