बहुरूपी वादकाचा स्वधर्म

गीतेतील स्वधर्म, म्हणजे ज्याच्या त्याच्या प्रकृतीला अनुरूप असे कर्तव्य, ही कल्पना एकाच शैलीला वाहून घेतलेल्या कलावंताला सहज लागू पडते. परंतु ज्याचा व्यवसायच इतरांच्या शैलीत वाजवण्याचा असतो, त्याचा स्वधर्म कोणता, हा प्रश्न इंग्लंडमध्ये १९४२ साली जन्मलेले गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या कारकिर्दीत ठळकपणे उभा राहतो. लंडनमध्ये ते स्टुडिओ-वादक, म्हणजे इतरांच्या ध्वनिमुद्रणांत मोबदला घेऊन साथ करणारे वादक होते. १९६९ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन त्यांनी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्यासह जॅझ वाजवले, आणि आध्यात्मिक गुरू श्रीचिन्मय यांचे शिष्यत्व पत्करल्यावर, गुरूने दिलेले ‘महाविष्णू’ हे नाव धारण करून, १९७१ मध्ये रॉकच्या दणदणीत विद्युत-गिटारीत जॅझ मिसळणारा वाद्यवृंद उभारला. एवढ्या गोंगाटात शिष्याची शरणागती कशी संभवते, अशी शंका घेता येईल. टाळ-मृदंगाचा गजर ऐकलेल्या वाचकाला मात्र ती फारशी सतावणार नाही. पुढे तबलावादक झाकीर हुसेन यांच्यासह ‘शक्ती’ या समूहात त्यांनी विजेविना वाजणारी गिटार हाती घेतली आणि गुरूचा संप्रदायही सोडला, तरी इतरांच्या साथीने चाललेले त्यांचे वादन थांबले नाही. म्हणूनच त्यांचा स्वधर्म कोणत्याही एका शैलीपेक्षा सहवादकाला ऐकण्याच्या शिस्तीत शोधणे अधिक युक्त ठरते.