औषधामागची माणसे

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त शिक्षक आमच्याकडे आले. सारे गाव त्यांना मास्तर म्हणते. छत्री कोपऱ्यात ठेवून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून कागदांची एक जाड चवड काढली व आमच्यापुढे ठेवली. मास्तरांना मधुमेह होऊन बारा वर्षे झाली. ज्या रुग्णालयात ते नियमाने तपासणीस जातात, तेथे एका नव्या औषधाची चाचणी होणार होती आणि तीत आपण सहभागी व्हाल काय, अशी त्यांना विचारणा झाली होती. कागद मराठीत होते. परंतु मास्तरांना त्यांत एकच गोष्ट स्पष्ट दिसत होती, ती म्हणजे शेवटच्या पानावरील सहीची मोकळी जागा.

"डॉक्टरसाहेबांनी एवढी वर्षं मला सांभाळलं," ते म्हणाले. "आता नाही म्हटलं तर बरं दिसेल का?" मग थोडे थांबून, खालच्या आवाजात : "पण मी काही पिंजऱ्यातला उंदीर नाही ना हो?"

त्या दिवशी आम्हांला त्यांना लगेच उत्तर देता आले नाही. कृतज्ञता आणि आत्मसन्मान या दोन्ही गोष्टी चांगल्याच. पण येथे त्या एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या होत्या. इतरांच्या भल्यासाठी एखाद्या माणसाच्या देहावर औषध आजमावून पाहणे कितपत योग्य आहे? आणि त्यासाठी आपण आपला देह द्यावा काय? हा प्रश्न एकट्या मास्तरांचा नाही. चहाच्या कपाशेजारी मधुमेहाच्या गोळ्यांची पट्टी नाही, असे घर आज आपल्या वस्त्यांत शोधावे लागते.

त्या पट्टीपासूनच आरंभ करू. मेटफॉर्मिन हे नाव आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीचे आहे. फ्रान्समधील डॉक्टर ज्यां स्टेर्न यांनी १९५७ साली मधुमेहावरील तिचा उपयोग प्रसिद्ध केला. परंतु रक्तातली साखर उतरणे वेगळे आणि आयुष्य वाढणे वेगळे. ही गोळी खरोखर मरण लांबवते काय, हे कळण्यास आणखी चार दशके जावी लागली. ब्रिटनमध्ये १९७७ साली एक दीर्घ अभ्यास सुरू झाला. नुकताच मधुमेह जडलेली ५,१०२ माणसे त्यात सामील झाली. कोणाला कोणता उपचार मिळावा, हे डॉक्टरांच्या वा रुग्णांच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरविले गेले. स्थूल रुग्णांपैकी ३४२ जणांच्या वाट्याला मेटफॉर्मिन आले. १९९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा मुख्यतः पथ्यावर ठेवलेल्या रुग्णांच्या तुलनेत या गटात मधुमेहाशी निगडित मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी आढळले. आज जगभर कोट्यवधी लोक ती गोळी निःशंक मनाने घेतात. त्या निःशंकपणामागे ही माणसे आहेत. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत आणि आपली नावे त्यांना कधी कळणार नाहीत.

त्याही आधीचे एक नाव मात्र इतिहासाने जपले आहे. १९२१ च्या उन्हाळ्यात कॅनडातील टोरांटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट हे दोघे प्राध्यापक मॅक्लाऊड यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांवर प्रयोग करीत होते. स्वादुपिंडाच्या अर्कात साखर उतरविणारे द्रव्य आहे, हे त्यांना दाखवायचे होते. त्या काळी लहान वयात मधुमेह होणे म्हणजे मरणाची शिक्षाच होती. उपासमारीचा कठोर आहार देऊन मुलांचे आयुष्य काही महिन्यांनी, फार तर एखाद-दोन वर्षांनी लांबविता येई, एवढेच. लिओनार्ड थॉम्सन हा चौदा वर्षांचा गरीब घरातला मुलगा टोरांटोच्या रुग्णालयात असाच मृत्यूची वाट पाहत पडला होता. त्याचे वजन तीस किलोदेखील भरत नव्हते. वडिलांच्या संमतीने ११ जानेवारी १९२२ रोजी त्याला तो अर्क टोचण्यात आला. अर्क अशुद्ध होता. साखर थोडी उतरली, पण टोचल्या जागी गळू झाले आणि उपचार थांबवावा लागला. जेम्स कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने अर्क शुद्ध करण्याची रीत शोधली. २३ जानेवारीस लिओनार्डला पुन्हा इंजेक्शन दिले गेले. एका दिवसात त्याची साखर ५२० वरून १२० वर आली.

त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची कन्या एलिझाबेथ ह्यूज टोरांटोत आली. तीही मरणाच्या दारात होती. औषध तेव्हा अतिशय दुर्मिळ होते व असंख्य कुटुंबे त्यासाठी आर्जवे करीत होती. तिला ते मिळाले. ती १९८१ पर्यंत, ७३ वर्षे, जगली. लिओनार्ड १९३५ साली न्यूमोनियाने वारला.

येथे आम्हांला कोणावर ठपका ठेवायचा नाही. मुलीच्या जिवासाठी धडपडणाऱ्या आईबापांना कोण दोष देईल? लिओनार्डलाही त्या औषधाने तेरा वर्षे दिली. त्याच्यावर झालेला प्रयोग हाच त्याचा उपचारही होता. तरीही त्या दोन मुलांकडे पाहताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. औषध अज्ञात आणि अशुद्ध होते तेव्हा ते गरिबाच्या मुलाच्या अंगात गेले. ते सिद्ध झाले, तेव्हा मंत्र्यांच्या मुलीसाठी वाट मोकळी झाली. जोखीम एकाने उचलायची आणि फळ मात्र दुसऱ्याने चाखायचे, अशी विभागणी रूढ झाली तर संशोधन कितीही उपकारक असले तरी ते न्याय्य ठरत नाही. टोरांटोच्या त्या संशोधकांना याची जाणीव असावी. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी १९२३ साली आपला स्वामित्वहक्क प्रत्येकी एक डॉलर घेऊन विद्यापीठाच्या स्वाधीन केला.

आता कोणी म्हणेल, शोध लागून गेले, आता माणसांवर चाचण्या कशाला? याचे उत्तर दोन अभ्यासांत आहे. पहिला अमेरिका व कॅनडातला. इन्सुलिनवर जगणाऱ्या १,४४१ तरुण रुग्णांपैकी अर्ध्यांची साखर काटेकोरपणे शक्य तितकी खाली ठेवण्यात आली, उरलेल्यांना नेहमीचा उपचार दिला गेला. काटेकोर गटातील रुग्णांचे डोळे, मूत्रपिंड आणि नसा इतक्या स्पष्टपणे सुरक्षित राहिल्या की १९९३ साली तो अभ्यास ठरल्यापेक्षा एक वर्ष आधीच थांबवून सर्वांना तो उपचार देऊ करण्यात आला. मग साहजिकच वाटले, की जे तरुणांना हितकारक ते वयस्कांनाही असणार. हृदयविकाराचा धोका असलेल्या १०,२५१ मधुमेही रुग्णांवर तशीच दुसरी चाचणी झाली. फेब्रुवारी २००८ मध्ये तिचा काटेकोर उपचाराचा भाग घाईने थांबवावा लागला. नेहमीच्या उपचारात २०३ मृत्यू झाले होते, काटेकोर उपचारात २५७.

वाचकहो, हे आकडे वाचून आम्ही बराच वेळ स्वस्थ बसलो. ते चोपन्न अधिकचे मृत्यू कोणाच्या दुष्टपणाने झाले नाहीत. कोणता मार्ग बरा, हे तेव्हा कोणालाच खरोखर माहीत नव्हते. हे प्रामाणिक अज्ञान हाच चाचणीचा नैतिक पाया होय. जो डॉक्टर मनातून उत्तर जाणून असतो आणि तरीही रुग्णाला निकृष्ट उपचाराच्या गटात घालतो, तो पाप करतो. ज्याला खरोखर माहीत नाही, पण माहीत असल्याचा आव आणून जो सर्वांना एकच औषध देत राहतो, तोही निर्दोष नव्हे. कारण तोही प्रयोगच करीत असतो, फक्त त्याची नोंद ठेवत नाही. वयस्क व हृदयविकारी रुग्णाची साखर अट्टाहासाने फार खाली आणू नये, हे आज आपल्या घरातील आजोबांना डॉक्टर सांगतात. ते शहाणपण त्या माणसांनी मोल देऊन मिळविले आहे.

परंतु यावरून समाजाला त्यांचे प्राण मागण्याचा हक्क पोहोचतो काय? पोप बारावे पायस यांनी सप्टेंबर १९५२ मध्ये रोम येथे वैद्यकतज्ज्ञांपुढे केलेल्या भाषणात या प्रश्नाचा मूलगामी विचार मांडला आहे. हात किंवा पाय यांना शरीरावेगळे अस्तित्व नसते, म्हणून सबंध देह वाचविण्यासाठी एखादा अवयव कापता येतो. माणूस मात्र समाजाचा असा अवयव नाही. तो स्वतःच एक पूर्ण व्यक्ती आहे. तेव्हा अनेकांच्या हितासाठी एकाला खर्ची घालता येत नाही. इतकेच नव्हे, तर माणूस स्वतःच्या देहाचाही धनी नसून विश्वस्त आहे. म्हणून त्याच्या संमतीलासुद्धा मर्यादा आहे. पैशाच्या मोहाने वा भिडेपोटी केलेली सही ही खरी संमती नव्हे.

नाझी डॉक्टरांच्या खटल्यानंतर १९४७ साली न्युरेम्बर्ग येथे स्वेच्छेच्या संमतीचा नियम घालून दिला गेला आणि १९६४ साली हेलसिंकी येथे जगातील डॉक्टरांच्या संघटनेने आपली संहिता स्वीकारली. २०२४ साली तिची फेररचना झाली, तेव्हा ज्यांच्यावर संशोधन होते त्यांच्यासाठी 'सहभागी' हा शब्द योजण्यात आला. मास्तरांच्या उंदराला हेच उत्तर आहे. उंदराला कोणी विचारीत नाही आणि उंदराला नाही म्हणता येत नाही. माणसाला नाही म्हणता येते, म्हणूनच त्याचे हो हे दान ठरते. मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेकडून कोणी त्या हिसकावून घेतल्या असत्या, तर प्रभूने त्यांचे कौतुक केले असते काय?

दान देऊ नये, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांचा व त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. शेतात राबणाऱ्या त्या मायबहिणींनी मोजमापे घेऊ दिली, रक्त दिले, मुलांना तपासणीस आणले. त्यातून कळले, की आपली बाळे इंग्लंडमधील बाळांच्या मानाने बरीच हलकी जन्मतात. पण त्यांच्या अंगचे स्नायू जितके कमी, तितकी चरबी कमी नसते. किडकिडीत दिसणाऱ्या भारतीय माणसाला मधुमेह का गाठतो, याचा एक धागा असा आपल्याच गावांत सापडला. सर्वांनीच पाठ फिरविली असती तर आपल्या देहांचे औषध परक्यांच्या देहांवरून बेतावे लागले असते.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर आम्ही मास्तरांना चार प्रश्न लिहून दिले. नाही म्हटले तर माझा नेहमीचा उपचार तसाच चालू राहील ना? मधेच बाहेर पडता येईल ना? औषधाने इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार? आणि औषध गुणकारी ठरले, तर चाचणी संपल्यावर ते मला मिळणार काय? यातील पहिल्या तीन बाबतींत आपल्या देशाचे २०१९ चे नियम रुग्णाच्या बाजूने उभे आहेत. पण नियम कागदावर असतो. प्रश्न माणसालाच विचारावा लागतो.

मास्तरांनी तो विचारला. तीन उत्तरे त्यांना तेथल्या तेथे मिळाली, चौथ्यासाठी दहा दिवस थांबावे लागले. त्यानंतर त्यांनी सही केली. का केली, असे आम्ही विचारले, तेव्हा ते म्हणाले, "नाही म्हणता येतं हे कळल्यावर हो म्हणावंसं वाटलं."

आपल्याही घरातील एखाद्या वडीलधाऱ्यापुढे उद्या असे कागद येतील. तेव्हा सहीसाठी पेन पुढे करण्यापूर्वी त्यांच्याशेजारी बसावे आणि पहिल्या पानापासून ते त्यांना वाचून दाखवावेत. आणि सकाळी गोळी तोंडात टाकताना, आपल्यासाठी ज्यांनी ती आधी घेतली त्या अनोळखी माणसांसाठी क्षणभर प्रार्थना करावी. त्यांचे ऋण आपल्यावर आहे.