रहदारी कुठे गेली?

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या तळेऱ्याला चार दिशांचे रस्ते एकत्र येतात. उत्तरेकडे खारेपाटण ओलांडून मुंबई, दक्षिणेकडे कणकवलीवरून गोवा, पूर्वेकडे वैभववाडी, करूळ घाट, गगनबावडा आणि पुढे कोल्हापूर, पश्चिमेकडे विजयदुर्ग. मुंबई-गोवा महामार्ग इथे चौपदरी झाला आहे. कोल्हापूरचा रस्ताही राष्ट्रीय महामार्गांच्या यादीत गेला आहे. उरला तो सुमारे पन्नास किलोमीटरांचा विजयदुर्गचा रस्ता. सायकलला पिशव्या बांधून निघालेल्या माणसाने तळेऱ्यात पश्चिमेकडेच वळावं, असं मी कुणालाही सांगेन.

याला कारण इथल्या जमिनीची ठेवण. सिंधुदुर्गातल्या नद्या सह्याद्रीतून निघतात आणि थोडक्या अंतरात पश्चिमेला समुद्र गाठतात. वाघोटन, आचरा, गड, कर्ली या नद्यांच्या खोऱ्यांदरम्यान जांभ्या दगडाची सपाट पठारं, म्हणजे सडे, पसरलेले आहेत. त्यामुळे किनाऱ्याला समांतर जाणाऱ्याला दर खाडीशी उतरायचं आणि पुन्हा सड्यावर चढायचं, हेच दिवसभर करावं लागतं. नद्यांच्याच दिशेने जाणाऱ्या रस्त्यावरही चढ असतात, पण मधूनमधून सड्याची सपाटी मिळते आणि श्वास जागेवर येतो. गंमत म्हणजे सगळ्यात दांडगे वाटणारे जुने घाट सायकलवाल्याला तुलनेने सोसतात. फोंडा किंवा आंबोलीचा घाट एकोणिसाव्या शतकात बैलगाड्यांसाठी बांधला गेला, भरलेली गाडी बैल ओढू शकेल एवढाच चढ ठेवून. माणसाच्या पायांचं बळ बैलाच्या हिशेबात बसतं. उलट इंजिनाच्या भरवशावर वाडीपर्यंत सरळ चढवलेला अर्ध्या किलोमीटरचा रस्ता भल्याभल्यांना खाली उतरून सायकल ढकलायला लावतो.

अशा डोंगराळ, किनाऱ्यालगतच्या प्रदेशातून कमी रहदारीचे रस्ते शोधत सायकलने हिंडणं ही भूमध्य समुद्राकाठच्या देशांत रुजलेली रीत आहे. इटलीत तोस्कानातले पांढऱ्या खडीचे रस्ते डांबराखाली नाहीसे होऊ लागले, तेव्हा ते वाचावेत म्हणून 1997 साली ‘लेरोइका’ नावाची जुन्या सायकलींची फेरी सुरू झाली. स्पेनने 1993 पासून बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे रूळ काढून तिथे चालण्यासाठी आणि सायकलीसाठी ‘हिरवे मार्ग’ केले. त्यांतला आंदालुसियातला एक मार्ग तर पूर्वी ऑलिव्ह तेल वाहून नेणाऱ्या गाडीचा. सव्वाशे किलोमीटर ऑलिव्हच्या टेकड्यांमधून तो जातो, लोखंडी पुलांवरून दऱ्या ओलांडतो, आणि वाटेतल्या काही स्थानकांत आता खाणावळी आहेत. आगगाडीला मोठा चढ चालत नाही, म्हणून डोंगराळ मुलूख असूनही हा मार्ग सौम्य आहे.

हे सगळं वाचताना हेवा वाटतो. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न. या रस्त्यांवरची रहदारी गेली कुठे? तोस्कानात जमीनदार आणि कुळं निम्मं निम्मं पीक वाटून घेत. दुसऱ्या महायुद्धानंतर ती पद्धत मोडली, कुळं कारखान्यांच्या शहरांकडे गेली आणि टेकड्यांवरची शेतघरं रिकामी झाली. पांढरे रस्ते शांत झाले ते त्यामुळे. स्पेनची तेलाची गाडी बंद पडली, कारण माल ट्रकने जाऊ लागला. प्रवाशाला जो निवांतपणा निसर्गाचं दान वाटतो, त्यामागे बहुतेक वेळा कुणाचं तरी निघून जाणं असतं.

आपल्याकडे तर हे डोळ्यांसमोर घडलं आहे. खारेपाटण शिलाहारांच्या काळात नांदतं बंदर होतं. त्या घराण्यातल्या रट्टराजाचा 1008 सालचा ताम्रपट तिथेच सापडला. वाघोटनच्या खाडीतून माल आत येई आणि घाटांवरून वर जाई. खाडी गाळाने भरत गेली, तसं बंदराचं महत्त्व ओसरलं. विजयदुर्गला पुढेही मुंबईची बोट लागत असे, आणि बोटीतून उतरलेली माणसं रस्त्याने आत गावोगाव जात. बोटी बंद झाल्या. 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि मुंबईहून येणारा माणूस किनाऱ्याऐवजी वैभववाडी किंवा कणकवलीच्या स्टेशनावर उतरू लागला. माणसंही कमी झाली. 2001 च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या 8,68,825 होती, 2011 ला ती 8,49,651 भरली. देशभर माणसं वाढत असताना हा जिल्हा आकसला. त्याच गणनेत दर हजार पुरुषांमागे 1036 स्त्रिया होत्या. घरचा पुरुष मुंबईला आणि बाई शेताला, ही इथली जुनी कथा त्या आकड्यात दिसते.

म्हणून जानेवारीत मोहराच्या वासातून, रिकाम्या रस्त्यावरून सायकल चालवताना कडेची कुलूपबंद घरं मला नजरेआड करता येत नाहीत. चिरेबंदी जोतं, पुढे अंगण, तुळशीवृंदावन, दाराला कुलूप. चतुर्थीला आणि शिमग्याला हाच रस्ता गाड्यांनी भरून जातो, कारण तेव्हा घरं उघडतात. ही वस्तीची जागा आहे, निर्जन माळरान नव्हे. पाणी मागायला थांबलात तर ‘खंय चललात?’ असं कुणी विचारेल. त्याचं नीट उत्तर द्यावं, घाईने पुढे निघू नये.

इथेच माझी अडचण सुरू होते. बाहेरून आलेल्या सायकलवाल्याला रस्ता अरुंद राहायला हवा असतो आणि गावाला रुंद. गावाचं म्हणणं खरं आहे. बाळंतिणीला रुग्णालयात न्यायचं असतं, हापूसच्या पेट्या वेळेवर पोचवायच्या असतात, समोरून एसटी आली की बाजूच्या गटारात उतरावं लागणं कुणाला आवडेल? आमच्या फेरफटक्यासाठी कुणी खड्ड्यांत राहावं, अशी मागणी मी करणार नाही. पण चांगला रस्ता आणि रुंद रस्ता या एकच गोष्टी नाहीत. पक्की साइडपट्टी, पावसाआधी साफ केलेली गटारं, पावसाळ्यानंतर लगेच भरलेले खड्डे, आंधळ्या वळणावर आधी दिसणारी पाटी, एवढ्याने एसटीचंही भागतं आणि सायकलचंही. रुंदीकरणाने मात्र कडेची आंबा-फणसाची जुनी झाडं आणि जांभ्याचे गडगे जातात, आणि वेग वाढतो. वेग वाढला की रस्त्यावरून पहिली हटते ती शाळेला जाणारी मुलगी. सायकलवरचा पाहुणा तिच्यानंतर.

म्हणून सायकलमार्ग आखायचाच असेल, तर नकाशा किल्ल्यांच्या आणि किनाऱ्यांच्या यादीने सुरू करू नये. तळेरे, फणसगाव, पडेल कॅन्टीन, विजयदुर्ग या पट्ट्यात मुलं शाळेला कुठून जातात, बाजारकरणी बायका कुठे थांबतात, घावणे आणि उसळ देणारी घरगुती खाणावळ कुठे चालू आहे, हे आधी पाहावं. रात्रीच्या मुक्कामाची सोय अशाच एखाद्या उघड्या घरात असावी, म्हणजे दमलेल्या पाहुण्याचे पैसे त्या वाडीत राहतील. पहिलं काम तळेऱ्यातच आहे. चौपदरी महामार्गाच्या एका बाजूहून दुसऱ्या बाजूला दप्तर पाठीवर घेतलेलं मूल सायकलवरून न घाबरता जाऊ शकेल, अशी वाट तिथे आधी नक्की व्हायला हवी.