काटकसरीचे तास

सिडनीच्या हॅरिस पार्क या उपनगरात, विग्रॅम स्ट्रीटवरच्या डोशाच्या आणि चाटच्या दुकानांपासून पायी जाता येईल अशा अंतरावर, 'एक्सपेरिमेंट फार्म कॉटेज' ही जुनी बैठी वास्तू आहे. बरामाटा या मूळनिवासी लोकांकडून बळकावलेल्या याच परिसरात ब्रिटिश वसाहतीच्या गव्हर्नर फिलिपने १७८९ साली जेम्स रूस या शिक्षेची मुदत संपलेल्या कैद्याला थोडी जमीन, अवजारे आणि बियाणे दिले. सरकारी कोठारातल्या शिध्यावाचून जगायला एका कुटुंबाला किती काळ लागतो, हे फिलिपला पाहायचे होते. फेब्रुवारी १७९१ पर्यंत आपले आपण भागते असे रूसने कळवले. पुढे त्याला ३० एकरांची सनद मिळाली, वसाहतीतली पहिली. १७९३ मध्ये त्याने ती जमीन जॉन हॅरिस या सर्जनला ४० पौंडांना विकली आणि त्याच हॅरिसचे नाव उपनगराला लागले. वॉटकिन टेंच या अधिकाऱ्याने रूसशी झालेले बोलणे लिहून ठेवले आहे. आपल्या मदतीला बायकोशिवाय कोणी नाही आणि ती कष्टाळू आहे, असे रूस त्याला म्हणाला होता. तिचे नाव एलिझाबेथ पेरी. सनदेवर नाव मात्र रूसचे.

घरखर्चातल्या बचतीचा हिशेब आजही असाच मांडला जातो. वाचलेला पैसा दिसतो. तो वाचवण्यात गेलेले तास दिसत नाहीत, आणि बहुतेक घरांत ते एकाच व्यक्तीचे असतात. भारताच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, पुरुष ९७. विमानात बसल्याने ही सवय सुटत नाही.

हॅरिस पार्कच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांतली काटकसर ओळखीचीच आहे. कणकेचे मोठे पोते एका दुकानातून, भाजी दुसऱ्या, दूध तिसऱ्या. कढीपत्ता बाल्कनीतल्या कुंडीत. डबा घरचा, बाहेरचे खाणे महिन्यातून एकदा. रिकाम्या बाटल्या-कॅन यंत्रात टाकून प्रत्येकी दहा सेंट परत मिळवणे, ही सोय न्यू साउथ वेल्समध्ये डिसेंबर २०१७ पासून आहे. यातले काहीच मला क्षुल्लक वाटत नाही. दोन पगारांत भाडे, फी आणि गावी पाठवायचे पैसे बसवणाऱ्या माणसाला दहा सेंटही कळतात. पण ऑस्ट्रेलियात तासाची किंमत कायद्याने छापलेली आहे. जुलै २०२५ मध्ये किमान वेतन ताशी २४.९५ डॉलर झाले. चार डॉलर वाचवायला कोणी शनिवारचा पाऊण तास तीन दुकानांत घालवत असेल, तर त्या पाऊण तासाचे त्या दराने जवळपास १९ डॉलर होतात.

यावर लगेच कोणी म्हणेल की वाचलेल्या तासाचा पगार थोडाच मिळतो? खरे आहे. पुरणपोळीचा भाव तासांनी ठरवायला निघालेल्याशी मीही वाद घालीन. माझा मुद्दा तासाचा दर लावण्याचा नाही, तो तास कोण देते हे घरात मोकळेपणाने बोलले जाण्याचा आहे. तसे बोलणे झाले की काटकसरीचा क्रमही बदलतो. ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेचा व्याजदर मे २०२२ च्या सुरुवातीला ०.१० टक्के होता, नोव्हेंबर २०२३ मध्ये ४.३५ टक्के झाला. हा सगळा बोजा ग्राहकावर पडला तर सहा लाख डॉलरच्या कर्जावर नुसत्या व्याजाचा फरक वर्षाला २५,५०० डॉलर होतो. कोथिंबिरीच्या जुडीवर वाचवून ही दरी भरत नाही. गृहकर्जाच्या बँकेला फोन करून दर कमी करून मागणे, वीज कंपन्यांचे दर 'एनर्जी मेड ईझी' या सरकारी संकेतस्थळावर ताडून पाहणे, विम्याचे नूतनीकरण डोळे मिटून न करणे, ही वर्षातून एखाद्या संध्याकाळची कामे आहेत. किराण्याच्या खटाटोपापेक्षा ती जास्त पैसे राखतात. ती घरातल्या पुरुषाने अंगावर घेतली तर बाईचा शनिवारही मोकळा होतो.

सगळ्यात मोठी बचत मात्र या यादीत कधीच येत नाही. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. परदेशात माहेरच विमानाने येते. मुलाला पाळणाघरात ठेवायचे तर सिडनीत दिवसाला शंभर डॉलरच्या वर मोजावे लागतात, आणि तात्पुरत्या व्हिसावरच्या बहुतेक कुटुंबांना सरकारी अनुदान मिळत नाही. म्हणून आई येते, ती परतली की सासूबाई येतात. व्हिजिटर व्हिसाच्या मुदतीत बाळाची मालिश, दुपारची झोप, दोन वेळचा स्वयंपाक, कधी मोठ्या नातवाला शाळेतून आणणे. हे प्रेमाने होते यात शंका नाही. मलाही तिथे हिशेबाची वही काढणे नको वाटते. पण प्रेमाने होते म्हणून ते फुकट ठरत नाही. साठी ओलांडलेली बाई, गाडी चालवता येत नाही, शेजारी कोणी बोलायला नाही, गुडघे दुखतात, आणि तिच्या येण्याने घराचे महिन्याला दोन-अडीच हजार डॉलर वाचतात.

याच घरात कधीकधी तिचा आरोग्यविमा वगळला जातो, 'सहा महिन्यांत काय होणार' म्हणून. भारताचा ऑस्ट्रेलियाशी परस्पर आरोग्यसेवेचा करार नाही. भारतीय पाहुण्याला मेडिकेअर ही इथली सरकारी आरोग्यसेवा मिळत नाही, आणि रुग्णालयातल्या चार दिवसांचे बिल घराची वर्षाची शिल्लक पुसू शकते. इथे काटकसर करू नये असे मी आग्रहाने म्हणेन. तिकिटाबरोबरच विम्याची रक्कम बाजूला काढावी. आईच्या हाती बस-ट्रेनचे स्वतःचे ओपल कार्ड द्यावे. आठवड्यातले दोन दिवस बाळ पूर्णपणे आई-वडिलांकडे राहील, हे ती येण्यापूर्वीच फोनवर ठरवावे, म्हणजे त्या दिवशी तिला जवळच्या पॅरामॅटाच्या नदीकाठी किंवा विग्रॅम स्ट्रीटवर मैत्रिणी शोधायला जाता येईल.