मातीचा कोल्हा आणि निर्मात्याची अनुज्ञा



छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगर भागातील एका मातेचा प्रश्न आहे. दहावीची परीक्षा दिलेल्या तिच्या मुलाने सुट्टीत 'टेल्स' हे व्हिडिओ गेममधील पात्र शाडूच्या मातीतून घडविले. टेल्स म्हणजे माणसासारखा दोन पायांवर उभा राहणारा, दोन शेपट्यांचा कोल्हा. जपानच्या सेगा कंपनीच्या १९९२ सालच्या खेळातून तो आला. मुलाने अर्धवट वाळलेल्या मातीवर सुईच्या टोकाने त्याची लवसुद्धा ओढली. आजोबा म्हणतात, "मोडून टाका." मुलगा म्हणतो, "याची पूजा कोण करणार आहे?"

मुलाच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. मूर्तिपूजेची भीती हे निषेधाचे एक कारण झाले. दुसरे कारण सहीह बुखारीतील हदीसमध्ये येते: सजीवांच्या प्रतिमा घडविणाऱ्यांना कयामतच्या दिवशी त्यांत प्राण घालण्यास सांगितले जाईल आणि ते त्यांना जमणार नाही. येथे निर्मात्याशी बरोबरी करण्याचा प्रश्न आहे. म्हणूनच बहुसंख्य फकीहांनी सजीवाचा पूर्णाकृती पुतळा निषिद्ध मानला.

मात्र आजोबांनी सुनन अबू दाऊदमधील प्रसंगही आठवावा. हजरत आयेशा (रजि.) यांच्या खेळण्यांत कापडाच्या तुकड्यांचे पंख लावलेला एक घोडा होता. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी घोड्याला पंख कसे, असे विचारले, तेव्हा त्यांनी हजरत सुलैमान (अ.) यांच्या पंख असलेल्या घोड्यांचा दाखला दिला. यावर प्रेषित (स.) मनमोकळे हसले. पंखांचा घोडा काय किंवा दोन शेपट्यांचा कोल्हा काय, बालमनाची कल्पना तीच आहे. या आधारे अनेक फकीहांनी मुलांच्या खेळण्यांना सवलत दिली. काहींनी यातही सावधगिरी सांगितली.

ही सवलत खेळण्याला आहे, शोभेच्या पुतळ्याला नव्हे. म्हणून माझे मत असे की, हा कोल्हा घरातील लहानग्यांच्या हाती खेळायला द्यावा. तो पडेल, झिजेल, फुटेल. काचेच्या कपाटात त्याला मानाची जागा देऊ नये.

पण वाचकहो, केवळ वस्तूचा निवाडा करून हा प्रश्न संपत नाही. सूरह माइदाच्या ११० व्या आयतीत हजरत ईसा (अ.) यांनी मातीचा पक्षी घडविल्याचा उल्लेख आहे. त्या एका आयतीत अल्लाहच्या अनुज्ञेचा उच्चार चार वेळा होतो आणि त्यांपैकी दोन वेळा तो या पक्ष्याविषयी आहे: एकदा मातीला आकार देताना, एकदा तो आकार सजीव होताना. प्राण देणे अल्लाहच्या हाती आहे, हे आपण सारे मानतो. बोटांनी मातीला आकार देणेही त्याच्याच अनुज्ञेने घडते, हे मात्र विसरतो. मुलाच्या बोटांतील कसब ही अमानत आहे. तिचा गर्व जसा अनुचित, तसा तिचा अवमानही अनुचित.

प्रतिमा घडवून उदरनिर्वाह करणारा एक कारागीर हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडे आला होता. त्यांनी निषेधाची हदीस ऐकविली, तेव्हा तो भीतीने पांढराफटक पडला. मग त्यांनी त्याला सांगितले की, घडवायचेच असेल तर झाडे व निर्जीव वस्तू घडव. त्यांनी त्याच्या हातातील कला हिरावून घेतली नाही. तिला दुसरी वाट दाखविली. ही वाट किती समृद्ध आहे, हे पाहायला पुंडलिकनगरहून दूर जावे लागत नाही. बीबी का मकबऱ्यातील संगमरवरी जाळ्या आणि चुन्याच्या गिलाव्यातील फुले-वेली पाहा.

तेव्हा आजोबांनी मोडण्याची आज्ञा देण्याआधी नातवाशेजारी बसावे आणि ही लव त्याने कशी साधली, ते विचारावे. ज्याचे कौशल्य आपण पाहिलेच नाही, त्याला मर्यादा सांगितली तर ती त्याला केवळ शिक्षा वाटते. आणि मुलानेही आजोबांच्या भीतीमागचा ईमान ओळखावा.

अल्लाह आपल्या मुलांच्या हातांना हुन्नर देवो आणि आपल्या जिभेला हिकमत. आमीन.