बाळाची बाजू

दिवस भरायच्या आत कळा सुरू झाल्या, की 'आत संसर्ग असेल, असू दे एक अँटिबायोटिक' असं म्हणून औषध सुरू होतं. वर बाळाच्या मेंदूची काळजी पुढे केली जाते. गर्भाच्या दाह-प्रतिसादाची, म्हणजे गर्भाचं शरीर स्वतःच दाहाने उत्तर देतं ही, कल्पना अशी खपवली जाते, तेव्हा तिचा गाभाच सुटतो. पाणमोट शाबूत असेल आणि संसर्गाची लक्षणं नसतील, तर सरसकट अँटिबायोटिक देऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच सांगितलं. तरी सवय सुटत नाही, कारण तिच्या मुळाशी जुनी समजूत आहे: जंतू हल्लेखोर आणि गर्भ बिचारा.

या बिचारेपणावर फ्रॉईडने १८९७ मध्येच शंका घेतली होती. (होय, तोच, तेव्हा तो मुलांच्या मेंदूविकारांवरही लिहीत असे.) त्याआधी डॉक्टर लिटलने सेरेब्रल पाल्सीचं खापर अवघड बाळंतपणावर फोडलं होतं. फ्रॉईडचं म्हणणं, ते बाळंतपणच आधी गर्भात बिघडलेल्या कशाचं तरी लक्षण असू शकेल. पुढे लिगिन्स या संशोधकाच्या मेंढ्यांवरच्या प्रयोगांनी प्रसूतीची वेळ ठरवण्यात गर्भाचाही हात असतो हे दाखवलं.

घोटाळा होतो तो १९९८ पाशी. रोमेरो, गोमेझ या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटातल्याच गर्भाच्या नाळेतून सुईने रक्त घेतलं आणि त्यातलं इंटरल्यूकिन-६ हे दाहाचं रसायन मोजलं. मिलिलिटरला ११ पिकोग्रॅमच्या वर गेलं, तर गर्भाचं सगळं शरीर दाहाने पेटलंय असं मानायचं. 'म्हणजे गर्भालाही संसर्ग होतो' एवढंच बहुतेकांनी यातून उचललं. पण मोजला गेला होता तो जंतू नव्हेच, गर्भाचा पलटवार होता. वारेच्या पडद्यांत शिरलेल्या पांढऱ्या पेशी बहुतांशी आईच्या असतात. नाळेच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत घुसलेल्या मात्र बाळाच्या. पाणमोट आधीच फुटलेल्या स्त्रियांत तर आणखी बोलकं चित्र दिसलं. गर्भाच्या रक्तात हे रसायन चढलं होतं त्या लवकर बाळंत झाल्या. दाह फक्त गर्भजलापुरता होता त्यांना जास्त दिवस मिळाले. जणू बाळच बाहेर पडायची घाई करत होतं.

हा प्रतिसाद पेटला, की त्याची झळ फुप्फुसांना आणि मेंदूच्या पांढऱ्या भागाला बसू शकते. गर्भजलात एकही जंतू न सापडता दाह आढळतो, हेही पुढे स्पष्ट झालं. अँटिबायोटिक फार तर जंतू मारेल. पेटलेला प्रतिसाद विझवणं हे त्याचं काम नाही.

अशा मातांवर अँटिबायोटिक तपासणाऱ्या ब्रिटनमधल्या ओरॅकल चाचणीतली मुलं सात वर्षांची झाल्यावर, २००८ मध्ये, जे निघालं ते म्हणून मला फारसं अनपेक्षित वाटत नाही. पाणमोट शाबूत असताना अकाली कळा आलेल्या ज्या मातांना एरिथ्रोमायसिन दिलं, त्यांच्या मुलांत सेरेब्रल पाल्सी ३.३ टक्के, न दिलेल्यांत १.७. असं का झालं, यावर वाद चालू आहे. पण मेंदूच्या काळजीपोटी हे औषध लिहिणाऱ्याने आधी या दोन आकड्यांचं उत्तर द्यावं.